पाडव्याच्या पहाटेचा बंब

फाल्गुन सरून चैत्र लागतो ते दोन-तीन आठवडे आमच्या घरात वर्षातली सर्वांत मोठी ओढाताण असते. माझे पती बँकेत आहेत, त्यामुळे मार्चअखेरीला ते रात्री किती वाजता घरी येतील हे त्यांनाही सांगता येत नाही. सासूबाईंची साठवणीची कामे याच दिवसांत निघतात, कारण ऊन कडक हवे आणि वळवाचा पाऊस आलेला नको. मुलगा पाचवीत, मुलगी आठवीत, दोघांच्या वार्षिक परीक्षा तोंडावर आलेल्या. आणि मुलगी खो-खो खेळते, म्हणजे मैदानाची धावपळही याच दिवसांतली. यंदा, 2025 साली, या सगळ्याची गाठ एकाच शनिवार-रविवारी पडली. 30 मार्चला पाडवा, 31 तारखेला रमजान ईद असूनही सरकारी व्यवहारांसाठी बँका उघड्या, 8 एप्रिलपासून राज्यभर परीक्षा आणि 29 व 30 मार्चला सांगलीजवळच्या एका गावात किशोरी गटाची स्पर्धा.

सासूबाईंनी कुरडयांसाठी गहू गुरुवारीच भिजत घातले होते. रोज पाणी बदलत तीन दिवस भिजवलेले गहू रविवारी वाटायचे आणि सोमवारी पहाटे चीक शिजवायचा, असा त्यांचा हिशेब होता. पाडव्याला आपण घरी नसणार हे कळल्यावर त्यांनी आधी त्या पातेल्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. शेवटी पाणी बदलण्याचे काम शेजारच्या काकूंकडे आणि गुढी उभारण्याचे काम आपल्या मुलाकडे सोपवून त्या आमच्याबरोबर निघाल्या. "नातीचा खेळ मी आजवर फोनवरच पाहिलाय, एकदा डोळ्यांनी बघू दे," एवढेच त्या म्हणाल्या.

मुलगी संघाबरोबर शुक्रवारी रात्रीच्या एसटीने पुढे गेली होती. आम्ही तिघे शनिवारी पहाटे साडेपाचला पुण्याहून गाडीने निघालो. खंबाटकीचा घाट चढताना उजाडले. कराडपर्यंतचा प्रवास सुखाचा झाला, पुढे मलकापूरजवळ उड्डाणपुलाच्या कामामुळे दीड तास गाडी जागची हलली नाही. त्या दीड तासात सासूबाईंनी नातवाकडून विज्ञानाचे दोन धडे तोंडी करून घेतले. पेठ नाक्यावरून सांगलीच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना तुटून गेलेल्या उसाचे खोडवे आणि मधूनमधून शेडनेटवर किंवा मोकळ्या खळ्यावर वाळत घातलेली हळद दिसू लागली. शिजवलेल्या हळदीचा ओलसर, मातकट वास गाडीच्या काचा बंद असतानाही आत येत होता. मैदानावर पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि संघाने सकाळचे दोन्ही सामने जिंकलेले होते.

ज्यांनी खो-खो जवळून पाहिलेला नाही त्यांना हा खेळ नुसता पळापळीचा वाटतो. मध्यरेषेवरच्या चौकोनांत आठ जणी आळीपाळीने उलट दिशांना तोंडे करून बसतात, नववी पाठलाग करते. तिला मध्यरेषा ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. पळणारीला मात्र कोणत्याही बाजूने कुठेही जाता येते. म्हणजे एकीकडे पूर्ण मोकळीक आणि दुसरीकडे सगळी बंधने, आणि त्या बंधनांवर उपाय एकच : पाठीवर थाप मारून मोठ्याने दिलेला खो. माझी मुलगी पळणाऱ्या तिघींच्या पहिल्या तुकडीत असते. बसलेल्या दोघींच्या मधून साखळीसारखी वळणे घेत ती जेव्हा पुढे सरकते, तेव्हा तिची नजर पाठलाग करणारीच्या चेहऱ्यावर कधीच नसते, ती खांद्यांवर असते. खांदा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला पाय नंतर पडतो, हे तिला तिच्या सरांनी दोन वर्षे शिकवले आहे. जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरवले, तेव्हापासून तिला शाळेत हा खेळ कोणता हे समजावून सांगावे लागत नाही. एक आई म्हणून मला त्या चषकाचे मोल सर्वांत जास्त तिथेच जाणवले.

आता ज्या गोष्टीमुळे माझ्या मनाला त्रास झाला ती लिहिते. उपांत्य सामना संध्याकाळी सहाला होता. मुली पावणेसहाला सराव करून, अंगात ऊब आणून, फक्कीने नव्याने आखलेल्या रेषांपाशी तयार उभ्या होत्या. तेवढ्यात पाहुणे येणार आहेत, त्यांच्या हस्ते नाणेफेक होईल, असे ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले. पाहुणे साडेआठला आले. त्यानंतर स्वागत, सत्कार, नारळ, शाली, एकामागून एक भाषणे झाली आणि सामना सुरू झाला तेव्हा दहाला दहा मिनिटे कमी होती. चार तास तेरा-चौदा वर्षांच्या मुली मैदानाच्या कडेला बसून होत्या. पोट भरून खाल्ले तर पळता येणार नाही आणि न खाल्ले तर ताकद राहणार नाही, म्हणून त्या केळ्यांवर आणि ग्लुकोजच्या पाण्यावर थांबल्या. पाहुण्यांचा मान ठेवावा हे मलाही मान्य आहे, परंतु ज्यांच्यासाठी मांडव घातला त्या मुलींनाच ताटकळत ठेवून कोणाचा मान राखला जातो, हे मला समजत नाही. थंड पडलेल्या अंगाने त्या मैदानात उतरल्या आणि तिसऱ्याच मिनिटाला आमच्या संघातल्या एका मुलीने खांबावर सूर मारताना मांडीचा स्नायू ओढून घेतला. माझी मुलगी एरवी अडीच मिनिटांच्या आत बाद होत नाही, ती त्या रात्री 1 मिनिट 50 सेकंदांत बाद झाली. आम्ही एका गुणाने हरलो. मुलगी रडली नाही, पण घोट्याला गुंडाळलेली पट्टी सोडून ती पुन्हा गुंडाळत, पुन्हा सोडत बराच वेळ बसून राहिली.

मुलींची राहण्याची सोय एका शाळेच्या दोन वर्गांत होती. बाके भिंतीला लावून सतरंज्या अंथरलेल्या होत्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या पिढीनेही स्पर्धा अशाच खेळल्या. परंतु रात्री साडेअकराला मुली परत आल्या तेव्हा वरच्या टाकीतले पाणी संपलेले होते. तांबड्या मातीने माखलेले हातपाय कोरड्या टॉवेलने पुसून त्या झोपल्या. संयोजकांपैकी कोणी फोन उचलला नाही. मी आणि सासूबाई शेजारच्या गावातल्या लॉजची खोली सोडून त्यांच्याजवळच वर्गात थांबलो, मुलगा दप्तरावर डोके ठेवून तिथेच झोपला. सासूबाई अंधारात मला हळूच म्हणाल्या, "उद्या वर्षाचा पहिला दिवस आहे गं. या पोरी पारोशा राहायच्या."

पहाटे साडेपाच वाजले असतील. सर मोटारसायकलवरून टँकरची चौकशी करायला गेले होते आणि मी रिकामी बादली घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी होते. समोरच्या घरात अंगणात सडा घालणाऱ्या बाईंनी मला पाहिले, हातातली बादली पाहिली, आणि त्या रस्ता ओलांडून आल्या. पाणी मागितले तर एखादी कळशी देतील, एवढीच माझी अपेक्षा होती. त्यांनी विचारले, "किती पोरी हाईत?" मी म्हटले, बारा. त्यावर त्या म्हणाल्या, "मग कळशीनं काय हुतंय ताई? पाडव्यादिवशी लेकरांनी बिनअंघुळीचं ऱ्हायचं व्हय? घिऊन या समद्यास्नी."

त्यांच्या परसात तांब्याचा मोठा बंब होता, घासून लखलखीत केलेला, सणासाठीच घासलेला असणार. त्यांनी तुरकाट्या आणि दोन शेण्या घालून तो पेटवला, सुनेला उठवले, आणि विहिरीवरची मोटर सुरू करायला मुलाला पाठवले. बारा जणी आणि एक बंब, म्हणजे दोन घागरी काढल्या की दोन घागरी ओतायच्या. हे काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतले आणि पदर खोचून त्या बंबापाशी बसल्या त्या आठ वाजेपर्यंत उठल्या नाहीत. दुखावलेल्या मुलीला त्या काकूंनी स्वतः धरून न्हाणीघरात नेले आणि कोमट तेलाने तिची मांडी चोळायला लागल्या, तेव्हा मी त्यांना थांबवले, कारण ताज्या दुखापतीला चोळू नये असे सरांनी सांगितले होते. त्यांनी राग मानला नाही. फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून आणून दिला. अंघोळ करून बाहेर आलेली प्रत्येक मुलगी ओल्या पावलांनी अंगणातून जाताना, काढलेल्या रांगोळीला वळसा घालून जात होती. माझ्या मुलीच्या टाचांच्या भेगांत मात्र तांबडी माती तशीच राहिली होती, ती कितीही घासली तरी जाईना.

मग गुढी. वेळूची काठी धुऊन तेल लावून तयार होती. काकूंनी ठेवणीतले हिरवे काठापदराचे लुगडे काढले, निऱ्या सुनेने घातल्या, लिंबाची आणि आंब्याची डहाळी मुलाने बांधली. साखरेच्या गाठीची माळ काकूंनी माझ्या मुलीच्या हातात दिली. ती बांधायला तिने खेळाडूच्या सवयीने पट्टीची गाठ मारली, तेव्हा काकू हसून म्हणाल्या, "लई घट्ट झाली बघ, आता ही संध्याकाळी सोडायची कुणी?" वर गडू पालथा घातला आणि गुढी गच्चीच्या कठड्याला उभी राहिली. शके 1947 सुरू झाले. लिंबाचा कोवळा पाला, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरे आणि चिमूटभर हिंग वाटून केलेली गोळी प्रत्येकीच्या तळहातावर ठेवण्यात आली. पुण्यात घरी माझा मुलगा ही गोळी दरवर्षी पाण्याबरोबर गिळतो, तिथे त्याने ती बारा मुलींच्या देखत चावून खाल्ली. पतींनी घरच्या गुढीचा फोटो पाठवला होता. तो पाहून सासूबाईंचे समाधान झाले, लुगड्याच्या निऱ्या उलट्या आहेत एवढे मात्र त्यांनी नोंदवले.

पोहे खाताना काकूंनी माझ्या मुलीला विचारले, तू कुठे खेळतेस. ती म्हणाली, पहिल्या तुकडीत पळते. "मी खांबाला बसायची," काकू म्हणाल्या. "सातवीपातूर खेळलेली हाय मी. आमच्या बाईंनी मला खांबालाच बसवलं हुतं, माझं हात लांब म्हणून." त्यांनी हात पुढे करून दाखवला. हळदीच्या हंगामाने त्या हाताच्या रेषा पिवळ्या झाल्या होत्या. सातवीनंतर काय झाले हे कोणी विचारले नाही. गावात त्या वेळी शाळा सातवीपर्यंतच होती, असे नंतर सुनेने सांगितले.

दहा वाजता तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता. काकू आल्या. घरात पुरणाचा घाट घातलेला असताना, सुनेवर स्वयंपाक सोपवून, डोक्यावर पदर घेऊन त्या बरोबर खांबाच्या रेषेत, दोरीच्या बाहेर बसल्या. पहिली पाच मिनिटे त्या गप्प होत्या. मग आमच्या मुलींचे आक्रमण सुरू असताना समोरची पळणारी मैदानाच्या मध्यावर खेळवत राहिली आणि आमच्याकडून नुसतेच खो पडत गेले, तेव्हा त्या मोठ्याने ओरडल्या, "मधी काय खेळतीस, खांबाकडं ने तिला, खांबाकडं!" सर वळून त्यांच्याकडे पाहू लागले, आणि त्यांनी तीच सूचना आत दिली. त्यानंतरच्या तीन गड्यांपैकी दोन खांबाजवळ बाद झाले. सामना आम्ही दोन गुणांनी जिंकला. माझ्या मुलीने या वेळी 2 मिनिटे 40 सेकंद पळती केली, आणि सासूबाई ती सगळी उभ्या राहून पाहत होत्या.

दुपारी त्यांच्याकडेच पुरणपोळी आणि गुळवणी झाली. पैशांचा विषय मी काढला नाही, कारण तो काढणे त्या घरात शोभले नसते. निघताना त्यांनी सासूबाईंच्या ओटीत तांदळांबरोबर मूठभर हळकुंडे घातली. सासूबाईंकडे द्यायला काही नव्हते, याची रुखरुख त्यांना कराड येईपर्यंत लागली होती.

घरी पोहोचायला रात्रीचे दहा वाजले. गहू शेजारच्या काकूंनी सांभाळले होते, ते आम्ही रात्रीच वाटले. ईदची सुट्टी असल्याने सोमवारी मुलांची शाळा नव्हती. पहाटे पाचला चीक शिजला, पतींनी तो वाटीभर दुधाबरोबर खाल्ला आणि ते बँकेत गेले. गच्चीवर मुलीने सोऱ्या धरला, मुलगा प्लॅस्टिकच्या कागदाची टोके दगडांनी दाबत होता, आणि सासूबाई प्रत्येक कुरडई पडल्यावर पुढची कुठे पडावी ते बोटाने दाखवत होत्या. साठ-पासष्ट कुरडया झाल्या असतील. वाळल्यावर त्यांतल्या अखंड निघालेल्या पंचवीस सासूबाईंनी वेगळ्या पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि डबा देवघराच्या वरच्या फळीवर ठेवला.

हे लिहीत असताना मुलीचे तीन पेपर व्हायचे आहेत आणि मुलाचे दोन. परीक्षा 25 एप्रिलला संपते, निकाल 1 मे रोजी आहे. दुसऱ्या दिवशी शुक्रवार आहे, पतींनी रजा टाकली आहे. डबा घेऊन आम्ही पाचही जण पहाटे साडेपाचला निघणार आहोत. गुढीची ती घट्ट गाठ त्या संध्याकाळी कोणी सोडली, हे मुलीला काकूंना विचारायचे आहे.