आरएक्स ६४००, बी७५ बोर्ड आणि चार लेनचा घोळ

माझ्या बी७५ मदरबोर्डच्या जुन्या संगणकात गेम खेळण्यासाठी ग्राफिक्स कार्ड शोधतो आहे. मागच्या नोंदीत ७५ वॅटच्या आतल्या, म्हणजे बोर्डाच्या स्लॉटमधूनच वीज घेणाऱ्या, कार्डांपैकी आरएक्स ६४०० वर माझे मन जवळपास बसले होते. भुसावळच्या मामेभावाने त्याच्याकडचे हेच कार्ड वापरून पाहायला दिले आणि सगळी आखणी विस्कटली.

सुरुवात चांगली झाली. या कार्डाची भूक ५३ वॅटची असल्याने स्लॉटमधून मिळणारी वीज पुरते, आणि माझ्या जुन्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) कार्डाला जादा वीज देणारी सहा-पिनची वायरच नाही, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला. रेसिंगच्या गेममध्ये सरासरी फ्रेम समाधानकारक मिळाल्या. मात्र गाडी मोकळ्या रस्त्यावरून शहरात शिरली की चित्र क्षणभर थिजायचे, पुन्हा धावायचे आणि पुढच्या चौकात पुन्हा थिजायचे. आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाची ४ जीबी मेमरी काठोकाठ भरलेली दिसत होती. टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांवरची चित्रे) कमी केल्यावर झटके थांबत, म्हणजे चिप दमत नव्हती. मेमरीत न मावलेला माल रॅममधून आणताना वाट अपुरी पडत होती.

आरएक्स ६४०० ला फक्त चार लेन आहेत, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यात माहितीच्या चारच वाटा. माझा हिशेब मात्र पीसीआय एक्स्प्रेस (या स्लॉटची जोडणी) ३.० आवृत्तीच्या चार लेनचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ जीबीचा होता. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बसचा (या जोडणीचा) रकाना पाहिला तर तिथे १.१ दिसले. कार्ड निवांत असताना वीज वाचवण्यासाठी वेग उतरवते, म्हणून त्या रकान्याशेजारचे प्रश्नचिन्ह दाबून रेंडर चाचणी सुरू केली. आकडा वर चढला आणि २.० वर थांबला. बोर्डाच्या खोक्यावर ३.० ठळक छापलेले असूनही तो पुढे सरकेना. बायोसमध्ये ३.० सक्तीने निवडून पाहिले, ड्रायव्हर पुसून नव्याने टाकला, कार्ड काढून स्लॉट साफ केला, फरक शून्य.

उत्तर बोर्डात नव्हते, प्रोसेसरमध्ये होते. या पिढीत ग्राफिक्सच्या स्लॉटच्या लेन थेट प्रोसेसरमधून येतात, आणि माझा २०११ चा आय५-२४०० केवळ २.० देतो, ३.० ची सोय २०१२ च्या तिसऱ्या पिढीपासून आली. म्हणजे माझ्या वाट्याला सेकंदाला जेमतेम २ जीबी येत होते: विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप आणि केळीला पाणी ठिबकच्या एकाच नळीतून.

मग गोलाणी मार्केटमधून जुना आय५-३४७० आणला. (तिथे एका विक्रेत्याने ‘४ जीबीचे कार्ड’ म्हणून जीटी ७३० पुढे केले. डीडीआर३ मेमरीचे हे कार्ड गेमसाठी घेऊ नये, खोक्यावरचा जीबीचा आकडा कितीही मोठा असो.) नवी पेस्ट लावून प्रोसेसर बसवला, चाचणी सुरू केली आणि रकान्यात ३.० उमटले, तेव्हा तो पडदा मी बराच वेळ नुसता पाहत बसलो. शिवाय हा प्रोसेसर ९५ ऐवजी ७७ वॅटचा आहे. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा खोलीत तेवढीच उष्णता कमी.

झटके निम्म्याहून अधिक कमी झाले. तरी उच्च टेक्स्चरवर अधूनमधून येतातच. त्यातच मामेभावाचे अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ रेकॉर्ड करायला बसलो, तेव्हा या कार्डात हार्डवेअर एन्कोडरच (रेकॉर्ड होणारा व्हिडिओ आवळणारा भाग) नसल्याची अडचण प्रत्यक्ष जाणवली. त्यामुळे आरएक्स ६४०० यादीतून बाद. इंटेलच्या आर्क ए३८० चा विचार नाही, कारण त्याला लागणारा रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) या बोर्डात नाही. १०५० टीआय स्वस्त मिळते, पण त्याच्या पास्कल पिढीतल्या कार्डांचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले.

जीटीएक्स १६५० घ्यावे, असे हे लिहायला बसलो तोवर ठरले होते: सोळा लेन, ७५ वॅट, मात्र काही मॉडेलांना सहा-पिन लागते, ते पाहून घ्यावे लागेल. परंतु वरचा मेमरीचा परिच्छेद लिहिताना लक्षात आले की ४ जीबीची भिंत तिथेही तीच आहे. आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे मॉडेल ७० वॅटचे आहे, त्याला आठ लेन आहेत आणि आता ३.० मिळत असल्याने सेकंदाला सुमारे ८ जीबीची वाट मोकळी आहे. किंमत जास्त असली तरी आता तेच घेण्याकडे कल आहे. माझ्या बोर्डावर लावून पडदा उजळल्यावरच पैसे देईन, ही अट विक्रेत्याने मान्य केली आहे. या रविवारी कॅबिनेटच उचलून दुकानात नेतो.