पोहे खाऊन नावं कशी ठेवणार?

गेल्या जूनमधला रविवार. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटवर दर रविवारी चार ते आठ डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतं: टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, गोष्ट बोलत पुढे न्यायची, आणि बेत जमला की फसला ते फासा टाकून ठरवायचं. मी गेममास्टर, म्हणजे गोष्ट रचणारी आणि बाकीची पात्रं वठवणारी; समोर पाच जण. त्या दिवसासाठी मी तीन आठवडे खपून सह्याद्रीतल्यासारखा एक किल्ला रचला होता: माची, टाकी, चोरवाट आणि आपल्याच राजावर रुसलेला किल्लेदार. त्याच्याशी वाटाघाटी तासाच्या वर चालल्या. शेवटी मी विचारलं, "कसं वाटलं?" "भारी!" "मजा आली!" चपला घालून मंडळी गेली.

मामेबहीण कप विसळायला थांबली. नळाखाली कप धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, आज चार तासांत मी एकदाच फासा टाकला."

"अगं, पण मध्ये तूच बोलली नाहीस ना!" माझ्या तोंडून लगेच निघालं. ती "हो, तेही आहेच" म्हणाली आणि विषय संपला. पुढे दोन महिने तिने खेळाबद्दल मला एक अक्षर सांगितलं नाही. त्या उत्तराचं मला अजून वाईट वाटतं. ‘कंटाळा आला’ एवढंच ती म्हणाली असती, तर चूक नेमकी कुठे झाली ते मला कळलं नसतं. तिने मोजून सांगितलं होतं, आणि मी ते तिच्यावरच उलटवलं.

आमच्या गटातला एक जण कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत उतरलेला आहे. त्याने मला तालमीतली शिस्त सांगितली. रन-थ्रू झाला की सगळे गोल बसायचे, दिग्दर्शक नोट्स द्यायचा, आणि नट फक्त लिहून घ्यायचे. "पण मी तर..." अशी सुरुवात करायचीच नाही. मी आता तेच करते. वही उघडते, ऐकते, लिहिते, "बरं" म्हणते. उत्तर द्यायचंच असेल तर पुढच्या रविवारच्या खेळातून.

दुसरी अडचण घराची होती. माझ्या घरी येऊन, माझ्या हातचे पोहे खाऊन कोण मला नावं ठेवेल? ‘काय आवडलं नाही?’ हा प्रश्न आपल्याकडे पाहुण्याला विचारायचा नसतोच. म्हणून खेळ संपला की आम्ही खाली अमृततुल्यला जातो. तिथे मी यजमान नसते. ‘स्टार्स अँड विशेस’ नावाची एक पद्धत आहे, ती तिथे वापरतो: प्रत्येकाने आज आवडलेली एक गोष्ट सांगायची, आणि पुढच्या वेळेसाठी एक इच्छा. इच्छा सांगताना कुणाला दोष द्यावा लागत नाही, त्यामुळे भिडस्त माणूसही बोलतो.

पण इच्छा जशीच्या तशी पुरवायची नसते, हे मला ऑगस्टमध्ये समजलं. मामेबहीण पुन्हा बोलू लागली होती, आणि तिची इच्छा होती, "लढाया वाढव." मी एका बैठकीत तीन लढाया घातल्या. बाकीचे दमले, ती मात्र खुलली. कशामुळे, ते शोधायला मला आठवडा लागला. लढाई सुरू झाली की प्रत्येक जण इनिशिएटिव्हसाठी, म्हणजे पाळीचा क्रम ठरवायला, वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या पात्राच्या डेक्स्टेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, मॉडिफायर मिळवतो, आणि मोठ्या आकड्यापासून खाली एकेकाची पाळी येते. गप्प बसणाऱ्यालाही पाळी मिळतेच. बोलण्याच्या प्रसंगाला असा नियम नाही; तिथे ज्याचा आवाज चढा, तोच पुढे. तिला हवी होती ती पाळी.

आता दरबार असो की बाजार, मी टेबलावर क्रमाने फिरते. "तो बोलतोय तेवढ्यात तू काय करतेयस?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी पहारेकऱ्याच्या कमरेच्या किल्ल्या मोजतेय." सगळं टेबल तिच्याकडे वळलं. तिचं पात्र चोराचं आहे, आणि चौदा बैठकांत मी त्या चोराला एकदाही किल्ल्या दाखवल्या नव्हत्या.

वहीच्या मागच्या पानावर मी प्रत्येकाच्या फाशांच्या रेघा मारते. गेल्या रविवारी नऊ, सात, सहा, आठ, सात. कोण कधी मोबाइल हातात घेतो, तेही टिपते. एकाच प्रसंगात तिघांनी घेतला, तर खाली चहा पिताना त्या प्रसंगाचं नाव घेऊनच विचारते, "पुलावरच्या टोलवाल्यापाशी काय झालं?" असं नेमकं विचारलं की उत्तरही नेमकं येतं. "तो काहीही झालं तरी सोडणारच नव्हता, मग बोलायचं कशाला?" हे मला तिथेच कळलं. खरंच, त्याला मी पैशाशिवाय दुसरं काही मागायलाच लावलं नव्हतं.

काल मामेबहिणीने क्रीमरोल चहात बुडवत इच्छा सांगितली, "ताई, त्या रुसलेल्या किल्लेदाराला परत भेटायचंय. मागच्या वेळी मला त्याला एक विचारायचं होतं."

काय ते मी विचारलं नाही. आज सकाळपासून त्याच्या किल्ल्याचा नकाशा पुन्हा काढायला बसले आहे, आणि चोरवाटेला या वेळी कुलूप घातलंय.