चौफुल्याच्या बाई

आमच्या दिंडीतल्या बायका वाट मोजतात ती पायांवरून. लोणी काळभोरपर्यंत पाय आपले असतात, यवतला जड होतात आणि वरवंड यायच्या आत कुठेतरी पहिला फोड धरतो. पुण्यातला मुक्काम संपवून तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याला लागली की सावली कमी होत जाते, डांबर तापतं, आणि कौतुकाने घेतलेले नवे बूट दिंडीच्या ट्रकमध्ये जाऊन पडतात. यवतला काळभैरवनाथाच्या देवळात गावकरी पिठलं-भाकरी करतात. ती खाऊन झोपलं की सकाळी पाय हलके वाटतात, पण ते तासाभराचंच सुख. भांडगाव मागे पडेपर्यंत निम्मी दिंडी लंगडायला लागलेली असते.

पुढे चौफुला. तिथून डावीकडे केडगावचा रस्ता फुटतो. फाट्याच्या जरा अलीकडे एक ताडपत्री बांधलेली असायची, तिच्याखाली स्टो, दोन पातेली, चार-पाच घमेली आणि एका लाकडी पाटावर बसलेल्या बाई. पांढरं पातळ, चष्म्याला दोरी, गळ्यात बारीकसा क्रूस. आमच्या विणेकरी काकांनी मला पहिल्यांदा तिकडे पाठवलं ते एवढंच सांगून, “त्या बाईंकडे जा, पण पाय आधी धुऊन जा, नाहीतर बोलणी खाशील.”

मी न धुता गेले आणि बोलणी खाल्ली.

बाईंची पद्धत ठरलेली होती. घमेल्यात कोमट पाणी, त्यात परमँगनेटचे दोन-तीन खडे, पाणी फिकट गुलाबी होईपर्यंतच. कुणी जास्त टाकले तर सगळं घमेलं ओतून द्यायच्या. पाय त्यात टाकून बसायचं, उठायची घाई करायची नाही. मग स्वच्छ फडक्याने बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करायच्या. फोड येतात ते ओल्या बेचकीतून आणि शिवणीच्या मोज्यातून, हे त्यांचं ठाम मत. फोडावरची कातडी कुणी सोलू लागलं की हातावर फटका. “देवानं दिलेलं बँडेज आहे ते. ठेव.” शेवटी पट्टी बांधून, मोजे उलटे घालायला लावायच्या, म्हणजे शिवण बाहेर राहते. मी आजही तसेच घालते.

त्या केडगावच्या. केडगाव म्हटलं की पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींसाठी त्यांनी काढलेलं आश्रयस्थान, आणि बाईंचं सगळं आयुष्य त्या कुंपणाच्या आत-बाहेर गेलेलं. ते मला कळलं हप्त्याहप्त्याने, कारण आमची दिंडी तिथे थांबते ती चहापुरती. एखाद्या वर्षी आईची गोष्ट अर्धी राहायची ती पुढच्या आषाढात पुरी व्हायची, तीही मी आठवण करून दिली तर.

आई गुजरातेतली. 1900 च्या दुष्काळात रमाबाईंनी तिकडून मुली आणल्या, त्यातली एक. त्याआधी 1896-97 मध्ये मध्य प्रांतातल्या आणल्या होत्या. आईला स्वतःच्या गावाचं नाव माहीत नव्हतं, आईबापांची नावंही नाहीत. आठवत होती ती फक्त एक विहीर, तिच्या काठावरचा चिंचेचा बुंधा आणि झोपवताना म्हणायच्या दोन गुजराती ओळी. पुढे ती मुक्तीच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची उलटी अक्षरं, जुळवायला लागली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबल करत होत्या आणि ते छापायचं काम तिथल्या मुलीच करत. “आमची आई उलटं अक्षर सुलट्यापेक्षा भरभर वाचायची,” बाई सांगायच्या. “मला वाचायला शिकवलं ते आरशात धरून.” हे खरं की त्यांनी रंगवलेलं, मी विचारलं नाही.

रमाबाई 1922 मध्ये गेल्या, बाई त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी जन्मल्या. पण बोलायच्या अशा की काल भेट झाली होती. एकदा एका शहरी वारकऱ्याने जरा ऐटीत विचारलं, तुमच्यात वारी असते का हो? बाईंनी घमेल्यातून मान वर केली नाही. म्हणाल्या, “आमच्या रमाबाई तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त चालल्यात. लहानपणापासून आईबापांबरोबर तीर्थं करत, देवळात पुराण सांगत. हजारो मैल. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, बाप, बहीण, तिघं उपासमारीनं गेली. मग भाऊ आणि ती, दोघंच चालत राहिली. ती भूक, ते पाय डोळ्यासमोर होते, म्हणून केडगाव झालं. पाय दुसरा दे.”

बाईंचे यजमान रेल्वेत होते, केडगाव स्टेशनावर. लवकर गेले. दोन मुलं, शाळेतली नोकरी, आणि रविवारची शाळा. ती रविवारची शाळा त्यांनी साठ वर्षांच्या वर चालवली असं त्यांच्याबरोबर येणाऱ्या बायका सांगत. बुधवारी स्त्रियांची प्रार्थना सभा. मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चच्या लोकांत, कुणी मरण पावलं की पाळकांच्या आधी बाई त्या घरी. अंघोळ घालणं, कपडे करणं, तान्ह्या पोरांना शेजारी नेऊन ठेवणं, हे सगळं त्यांच्याकडे. लग्नात मात्र मागच्या बाकावर. “लग्नात माणसं पुष्कळ असतात,” म्हणायच्या.

चौफुला म्हटलं की महाराष्ट्राला आठवतात त्या तिथल्या संगीत बाऱ्या, लावणीची थिएटरं. दिंडीतले लोक त्यांच्यावरून जाताना नजर वळवतात, निदान बायका बरोबर असताना. बाई त्यांतल्या पोरींना ओळखायच्या. संध्याकाळचा खेळ सुरू व्हायच्या आधी दोन-चार मुलींना घरी बोलावून अक्षरओळख करून द्यायच्या, सही करायला शिकवायच्या, कारण अंगठा देणाऱ्या बाईला कागदावर कोण काय लिहून देतं ते कळत नाही. “त्यांचे पाय बघ एकदा,” मला म्हणाल्या, “घुंगरांनी घोटे सोललेले. तुम्ही वर्षातून एकदा चालता.” मला हे ऐकून राग आला होता. वरवंडपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

ताडपत्रीचं सुरुवातीचं प्रकरण मात्र सरळ गेलं नव्हतं. पहिली काही वर्षं वारकरी पाणी प्यायचे ते लांबून ओंजळ धरून. काही जण तर क्रूस बघून पुढे जायचे. आणि मंडळीतही कुरकुर होती, विठोबाला निघालेल्यांचे पाय आपण का धुवायचे म्हणून. बाईंनी कमिटीच्या बैठकीत वाद घातला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडून दिला, जिथे येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, आणि मोठ्याने वाचायला सांगितला. ज्यांनी कुरकुर केली त्यांनाच वाचायला सांगितला, हे त्या हळूच हसून सांगायच्या. वारकऱ्यांचं म्हणाल तर एका वर्षी पाऊस लांबला, ऊन असं तापलं की कोण कुणाच्या हातचं पितंय हे बघायला कुणाला त्राण उरलं नाही. पुढच्या वर्षीपासून रांग.

फोटोवाल्यांचा त्यांना मनस्वी कंटाळा. एका पुढाऱ्याच्या माणसांनी सर्वधर्मसमभावाचा मोठा फलक आणून ताडपत्रीला टांगला होता, पुढाऱ्याच्या चेहऱ्यासकट. बाईंनी तो काढून स्टोच्या वाऱ्याच्या बाजूला उभा केला. दिवसभर ज्योत विझली नाही, आणि चेहरा धुरकटला. फलक चांगल्या जाड कापडाचा होता, पुढची तीन-चार वर्षं तोच वापरला.

टाळ-मृदंग त्यांना परका नव्हता. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांची भजनं त्यांच्या मंडळीत अभंगाच्या चालीवर म्हणतात, आणि टिळक स्वतः म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे बाईंनीच मला सांगितलं. पण आमची दिंडी भजन म्हणत पुढे निघाली की त्या कधी त्यात सूर मिसळत नसत. पायाकडे बघत बसायच्या, बोटं मात्र घमेल्याच्या काठावर ताल धरायची. पखवाज वाजवणाऱ्याने चुकवलं की त्यांना लगेच कळायचं. एकदा त्याला थांबवून सांगितलंही.

2020 आणि 2021 मध्ये पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. 2022 ला आम्ही चौफुल्याला पोचलो तेव्हा पाटाच्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची होती. बाई खुर्चीत बसून इतरांकडून काम करून घेत होत्या आणि ते त्यांना अजिबात रुचत नव्हतं. मला ओळखलं नाही. पाय ओळखले. डाव्या करंगळीवरचा जुना व्रण बघून म्हणाल्या, “तू ती मोजे उलटे घालणारी.”

त्यांचं जाणं मला त्यानंतरच्या आषाढात कळलं. उन्हाळ्यात गेल्या, नव्वदी ओलांडून. केडगावात बाजारपेठ अर्धा दिवस बंद होती म्हणे, आणि दफनाला चौफुल्याच्या बाऱ्यांतल्या बायका आल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, कुणाशी न बोलता.

ताडपत्री आहे. आता तिथे त्यांच्या रविवारच्या शाळेतली एक निवृत्त परिचारिका बसते. तिचा चहा गोड असतो, परमँगनेट ती ग्लासात विरघळवून मग मापाने घालते, आणि हातमोजे घालते, जे बाईंनी कधी घातले नाहीत. बोलते कमी. पट्टी तिची जास्त टिकते हे कबूल करायला हवं. मागच्या वेळी ती रोटीचा घाट चढून उंडवडीपर्यंत जागची हलली नाही.