शेजारचं कुत्रं: तक्रार करावी का, आणि केव्हा

शेजारचं कुत्रं धोक्याचं वाटायला लागलं की माणूस कात्रीत सापडतो. तक्रार केली तर कुत्र्याला उचलून नेतील, कदाचित मारतील, आणि शेजाऱ्याशी कायमचं वाकडं येईल. नाही केली आणि उद्या एखाद्या पोराला फाडलं, तर आपलंच मन आपल्याला खाईल. मग बहुतेक जण थांबतात, म्हणजे पहिला चावा होईपर्यंत थांबतात. कुत्र्याचा विचार करून थांबत असाल तर हिशेब उलटा आहे. चावण्याआधी तक्रार गेली तर पाहणी, ताकीद, कुंपण दुरुस्त करण्याची मुदत, बाहेर नेताना पट्टा आणि मुसकं लावण्याची अट एवढ्यावर भागू शकतं. गंभीर चाव्यानंतर अधिकाऱ्याच्या हातात सौम्य पर्याय फारसे उरत नाहीत.

कुत्र्याचा स्वभाव चांगला की वाईट, यावर शेजाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याच्यासाठी ते घरातलं लेकरू असतं आणि घरात ते खरोखरच गरीब असू शकतं. बघायचं ते हे, की कुत्रं आणि रस्त्यावरचं माणूस यांच्यामध्ये काय आहे आणि ते किती दिवस टिकेल. चार फुटांचं कुंपण मोठ्या कुत्र्याला काहीच नाही. कुंपणालगत लाकडं, टाकी किंवा मातीचा ढीग असेल तर सहा फुटांचंही नाही. जाळी खाली जमिनीत गाडलेली नसेल तर उकरणारं कुत्रं खालून निघतं. लोक कुंपणाची उंची बघतात, पण बहुतेक वेळा गोष्ट बिघडते ती फाटकाशी. कडी नीट बसत नाही, लहान मूल फाटक उघडं टाकून जातं, सामान पोचवणारा माणूस आत येतो आणि कुत्रं त्याच्या पायांमधून बाहेर. स्वतःहून बंद होणारं फाटक, कुत्र्याच्या नाकाला न लागणारी वरची कडी आणि आत आणखी एक छोटं फाटक एवढ्याने अर्धे प्रश्न सुटतात. हद्द ओलांडली की गळ्यातल्या पट्ट्यातून बसणाऱ्या विजेच्या झटक्याला कुंपण म्हणू नये. डोकं फिरलेलं कुत्रं झटका खाऊन पार होतं, परत यायला मात्र घाबरतं, आणि बाहेरच्या माणसाला आत यायला तर काहीच अडत नाही.

फाटकाआडून जिवाच्या आकांताने भुंकणं हा धोक्याचा पुरावा नाही. रोज कुणीतरी फाटकासमोरून जातं, कुत्रं भुंकतं, माणूस पुढे निघून जातो. आपण भुंकलो म्हणून तो पळाला, असा धडा कुत्रं दिवसातून वीसदा गिरवतं. आवाजाचा त्रास हा वेगळा विषय आहे, त्याची तक्रारही वेगळी करावी. दोन्ही एकाच अर्जात घातल्या की धोक्याचा मुद्दा कटकटीच्या ढिगाखाली जातो. पण भुंकणारं कुत्रं चावत नाही ही म्हण मात्र कुत्र्यांनी वाचलेली नसते. भुंकणं आणि चावणं ही दोन्ही एकाच कुत्र्याची कामं असू शकतात.

मग लक्ष कशाकडे द्यायचं? कुत्रं चावण्याआधी सहसा बरंच काही सांगतं: जांभई देतं, ओठ-नाक चाटतं, मान वळवतं, अंग चोरून बाजूला होतं, कान मागे टाकतं. त्यानंतर येतं ते ताठरणं. हालचाल थांबते, तोंड मिटतं, नजर रोखली जाते, आणि पाठोपाठ गुरगुरणं. शेपटी हलते आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. उंच ताठ धरून थरथरल्यासारखी हलणारी शेपटी मैत्रीची नसते. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही. ‘न सांगता चावलं’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याला न सांगायला कुणीतरी शिकवलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

हवेत दात आपटले पण लागलं नाही, याला लोक ‘थोडक्यात वाचलो’ म्हणतात. तसं क्वचितच असतं. कुत्र्याचा जबडा माणसाच्या हातापेक्षा कितीतरी वेगवान आहे. लागलं नाही, कारण त्याला लागू द्यायचं नव्हतं. ही शेवटच्या आधीची सूचना आहे, आणि ती नोंदवण्यासारखी आहे.

चाव्याची तीव्रता मोजायला पशुवैद्य इयान डनबार यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी उपयोगी पडते. पहिल्या पायरीवर कुत्रं अंगावर येतं, पण दात लागत नाहीत. दुसऱ्यावर दात लागतात, पण कातडीत रुतत नाहीत. तिसऱ्यावर एकाच चाव्यात एक ते चार छिद्रं पडतात, मात्र कुठलंही सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल नसतं. चौथ्यावर छिद्र त्याहून खोल जातं, किंवा कुत्र्याने धरून झटके दिल्याने मांस फाटतं. पाचवी पायरी म्हणजे असे अनेक खोल चावे, सहावी म्हणजे मृत्यू. तिसरी आणि चौथी यांच्यात मोठी दरी आहे. तिसऱ्यापर्यंत कुत्रं जबड्याचा जोर आवरतं, चौथ्यात आवरत नाही. तक्रारीत ‘भयंकर चावलं’ लिहिण्यापेक्षा ‘पोटरीवर दोन छिद्रं, एक खोल, टाके पडले’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला प्रकरण कुठे आहे ते लगेच कळतं.

जातीचं काय? तक्रारीत जात ओळख पटवण्यापुरती लिहावी, आरोप म्हणून लिहू नये. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेला एक मोठा जनुकीय अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे असल्याचं दिसलं. अमेरिकेत २००० ते २००९ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या २५६ मृत्यूंची छाननी २०१३ मध्ये छापली गेली, तीही याच अंगाने बोलकी आहे. जात खात्रीने सांगता आली ती जेमतेम १८ टक्के प्रकरणांत. याउलट ८७ टक्के प्रकरणांत मध्ये पडू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं, ८५ टक्क्यांत बळी पडलेल्याची कुत्र्याशी ओळख नव्हती किंवा नावापुरती होती, ८४ टक्के प्रकरणांत नसबंदी झालेली नव्हती आणि ७६ टक्क्यांत कुत्रं माणसांच्या रोजच्या सहवासापासून तोडून ठेवलेलं होतं. हे घटक सहसा एकटे आले नाहीत. पाच प्रकरणांपैकी चारांत चार किंवा जास्त एकत्र होते. म्हणजे दिवसभर मागच्या अंगणात साखळीला बांधलेलं, कुणी न फिरवलेलं कुत्रं असेल, तर ते शांत असलं तरी डोळ्याआड करू नये. शिवाय जबर मोठं कुत्रं चुकून चावलं तरी जखम मोठी होते, आकाराचा एवढा अर्थ नक्की आहे.

‘लहानपणी किती गोड होता’ हेही ऐकू येईल. ते खरं असेल. कुत्रं मनाने प्रौढ होतं ते साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान, आणि परक्यांवर धावून जाणं पुष्कळदा तेव्हाच सुरू होतं. उलट, आठ-दहा वर्षं शांत असलेलं कुत्रं अचानक अंगावर यायला लागलं तर आधी दुखणं आठवावं: सांधे, दात, कान, अधू झालेली नजर. अशा वेळी तक्रारीपेक्षा पशुवैद्याचा सल्ला जास्त उपयोगाचा, आणि शेजाऱ्याला तो ऐकायलाही सोपा जातो.

शेजाऱ्याशी आधी बोलायचं का? चावा झालेला नसेल आणि माणूस बोलण्यासारखा असेल तर होय, पण एकदाच आणि नेमकं. ‘तुमचं कुत्रं फार माजलंय’ म्हटलं की संपलं. ‘दादा, मंगळवारी सकाळी सातला फाटक उघडं होतं, ते बाहेर येऊन शाळेत निघालेल्या मुलांच्या मागे वळणापर्यंत धावलं. कडी सैल झालीय बहुतेक, या आठवड्यात बघाल का?’ असं म्हटलं तर माणसाला दुरुस्त करायला काहीतरी हातात मिळतं. बोलणं झाल्यावर तेच दोन ओळींत त्याला मेसेज करून ठेवा, म्हणजे तारीख राहते. गल्लीच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे आठवड्याभरात दोन पक्ष पडतात आणि कडी सैलच राहते. माणूस आक्रमक असेल, आधी धमकावलेलं असेल, किंवा कुत्रं मुद्दाम अंगावर सोडत असेल, तर बोलण्याच्या भानगडीत न पडता थेट तक्रार करा; मुद्दाम सोडलं असेल तर पोलिसांतही.

चावा होऊन कातडी फाटली असेल तर ‘करावी की नाही’ हा प्रश्नच उरत नाही. त्याचं कारण रेबीज. कुत्र्याच्या लाळेत हा विषाणू लक्षणं दिसण्याच्या थोडे दिवस आधी येतो. म्हणून चावताना लाळेतून रोग देऊ शकणारं कुत्रं १० दिवसांत आजारी पडतं किंवा मरतं. ते १० दिवस त्याच्यावर डोळा ठेवायचा असतो, आणि नोंद झाली नाही तर नेमकं तेच होत नाही. घाबरलेला मालक कुत्रं नातेवाइकाकडे पाठवून देतो आणि इकडे डॉक्टरांना काही कळायचा मार्ग राहत नाही. कुत्र्याला मारून टाकणं हा तर सर्वांत मूर्ख उपाय, कारण निरीक्षण संपतं आणि मेंदूची तपासणी करायची तर डोकं शाबूत लागतं. जखम आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून १५ मिनिटं धुवायची. कसलाही लेप नको, पट्टी घट्ट आवळायची नाही. मग त्याच दिवशी डॉक्टर. ओरखडा आहे पण रक्त आलेलं नाही, तर लस. कातडीच्या आरपार दात गेले किंवा उघड्या जखमेवर लाळ पडली, तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), अशी जागतिक आरोग्य संघटनेची वर्गवारी आहे. १० दिवस बघू आणि मग लस घेऊ, असं करायचं नाही. लस सुरू करायची. कुत्रं दहाव्या दिवशी ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या. हाताच्या पंजावरच्या छोट्या छिद्रांना हलकं समजू नका. जखमेचं तोंड लगेच मिटतं आणि आत पू होतो.

आता तक्रार. ती कुत्र्याविरुद्ध लिहू नये, घटनेविषयी लिहावी. एका साध्या वहीत घडेल त्या दिवशी नोंद करा: तारीख, वेळ, जागा, कुत्रं मोकळं होतं की पट्ट्यावर, बरोबर कोण होतं, त्याने काय केलं, किती अंतरापर्यंत आलं, माणसाने त्याआधी काय केलं होतं, कोणी पाहिलं. जागा विशेष महत्त्वाची. सार्वजनिक रस्त्यावर धावून येणं आणि मालकाच्या आवारात कुणी शिरल्यावर धावून येणं यांकडे कायदा सहसा वेगळ्या नजरेने बघतो. चावाच झालेला असला पाहिजे असंही सगळीकडे नाही. ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्यात हे कुत्रं इजा करेल अशी रास्त भीती वाटण्याजोगं वागणं पुरेसं धरलं आहे. तुमच्याकडचा नियम प्राणी नियंत्रणाचं काम ज्या स्थानिक कार्यालयाकडे असेल तिथे विचारता येतो. तिथे माहिती विचारायला गेलात म्हणजे तक्रार झाली असं नाही.

अर्ज एका पानाचा पुरे. वर कुत्र्याचं वर्णन आणि पत्ता, मग तारीखवार तीन-चार घटना, मग काय हवं ते: कुंपणाची पाहणी, पट्ट्याची सक्ती, लसीकरणाच्या नोंदीची तपासणी. सोबत फोटो, मोडक्या कडीचा, उकरलेल्या जागेचा, जखमेचा. फोटो रस्त्यावरून किंवा स्वतःच्या जागेतून काढा. शेजाऱ्याच्या आवारात डोकावून चित्रण केलं की तुमच्याच विरुद्ध तक्रार व्हायची. कुत्र्याला डिवचून मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ हा तुमचाच गुन्हा ठरू शकतो. निनावी तक्रार बहुतेकदा पडून राहते, कारण पडताळणीला कुणी नसतं. नाव देऊन ते गुप्त ठेवण्याची विनंती करता येते, पण प्रकरण सुनावणीपर्यंत गेलं तर नाव फुटेल हे धरून चाला. दोन वेगवेगळ्या घरांनी आपापल्या शब्दांत दिलेले अर्ज, एकाच मजकुराखाली घेतलेल्या वीस सह्यांपेक्षा वजनदार ठरतात. पोच घ्या, तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

पाहणी होईपर्यंत वाट बदला, लहान मुलांना त्या बाजूने एकटं पाठवू नका. कुत्रं धावून आलंच तर पळू नये, पळणाऱ्यामागे धावणं त्याच्या रक्तात आहे. जागच्या जागी उभं राहायचं, हात अंगाशी, नजर बाजूला, आणि पिशवी, छत्री, सायकल जे असेल ते मध्ये धरायचं. पडलात तर पोटावर वळून गोळा व्हायचं, बोटं मानेमागे गुंफायची, कोपरांनी कान झाकायचे.

अर्ज दिल्यानंतरही वही चालू ठेवा. दोन आठवड्यांत कुणी फिरकलं नाही तर तक्रार क्रमांक घालून नव्या नोंदींसह दुसरं पत्र द्या. जुनंच पुन्हा लिहू नका. आणि कडी बदलली, कुत्रं मुसकं घालून पट्ट्यावर फिरायला लागलं, महिनाभर काही घडलं नाही, तर तेही त्याच क्रमांकावर लिहून कळवा, तारखेसकट. वाटेत मालक भेटला तर त्यालाही सांगा, की कुत्रं आता शांत चालतं. मुसकं जाळीचं असेल आणि त्यातून ते नीट धापा टाकत असेल तर कापडी पट्टीपेक्षा ते बरं, कारण कापडी पट्टीत कुत्र्याला तोंड उघडून अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही.