आमची वाटचाल : बोचऱ्या वाऱ्यासाठी एक मलम

आमचा व्यवसाय एका मलमावर उभा राहिला आणि ते मलम वाऱ्यासाठी होतं. थंडीत दारं-खिडक्या लावून बसलेल्या माणसाची त्वचा कोरडी पडते. दिवसभर उघड्यावर काम करणाऱ्याची उलते, तडतडते, भेगाळते. माझी थोरली ताई जमीन मोजणीच्या कामावर असायची. हिवाळा लागला की तिच्या बोटांची पेरं उलायची, ओठांच्या कडा फुटायच्या. रात्री तेल चोपडून झोपली तरी सकाळी वाऱ्यावर उभी राहिली की थोड्याच वेळात गाल पुन्हा ओढल्यासारखे व्हायचे. एवढं तेल लावून ते जातं कुठे, असं ती विचारायची. त्या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही दोघी या धंद्यात आलो.

उत्तर तेलात नव्हतं, हवेत होतं. त्वचेचा अगदी वरचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका पातळ. त्यातल्या मृत पेशी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं या स्निग्ध पदार्थांनी एकमेकींना धरून असतात. या थरातून पाण्याची वाफ सतत, नकळत बाहेर पडत असते. हवा स्तब्ध असेल तर त्वचेलगत ओलसर हवेचं एक पातळ आवरण टिकतं आणि वाफ जाण्याचा वेग मंदावतो. वारा तेच आवरण उडवून नेतो. त्यात थंड हवेत मुळात बाष्प मावतं किती? 30 अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम, शून्य अंशाला जेमतेम 5. शिवाय थंडीत त्वचेचं स्वतःचं तेलही कमी सुटतं. पातळ तेलाने त्वचा मऊ होते, पण वाफ अडवायला ते अपुरं पडतं.

वाफ अडवण्यात पेट्रोलियम जेली वनस्पती तेलांपेक्षा कितीतरी सरस आहे, हे आम्ही गिऱ्हाइकांना पहिल्यापासून सांगत आलो. ज्यांना ती चालते त्यांनी खुशाल वापरावी. ज्यांना वनस्पती तेल आणि मेणाचंच हवं, त्यांच्यासाठी आमचं मलम. सूर्यफुलाचं तेल, शिया बटर (शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल) आणि मधमाश्यांचं मेण, एवढाच त्याचा गाभा. सूर्यफुलाचं तेल का? तर त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि त्वचा आपलं आवरण बांधायला तेच वापरते. ऑलिव्ह तेलाचं नाव मोठं असलं तरी त्यात ओलेइक आम्ल जास्त. ते त्वचेचं आवरण सैल करू शकतं, म्हणून कोरड्या, फुटलेल्या त्वचेसाठी आम्ही ते घेतलंच नाही.

कागदावर सोपं वाटणारं हे मलम करायला घेतलं की हट्टी निघतं. मेण साधारण 62 ते 65 अंशांना वितळतं, शिया बटर त्याच्या कितीतरी आधी. मिश्रण सावकाश निवू दिलं तर शियातले घट्ट घटक आधी गोठतात आणि मलम रवाळ होतं. बोटाला कण लागतात, ते चोळताना फुटलेली त्वचा दुखते. ताई पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवते आणि कडेला धरू लागलेला पांढरट थर खरवडून मध्ये घेत एकसारखी ढवळत राहते. चमच्याची रेघ क्षणभर उमटून मोडू लागली की लगेच डब्या भरायच्या. थोडं थांबलं तर पातेल्यातच आळतं. आता भांडी मोठी आहेत, तापमापी आहे. पण भरायची वेळ अजून ताईच ठरवते.

मलम वाफ अडवतं, पाणी देत नाही. म्हणून डबीबरोबर पहिल्यापासून चिठ्ठी देतो : पाणी कोमट घ्या, कढत नको, अंग घासून पुसू नका, टिपा, आणि त्वचा ओलसर असतानाच मलम लावा. वाऱ्यात जाताना तोंडावर रुमाल, हातात मोजे हवेतच. ओठांना जीभ लावू नका, थुंकी वाळताना ओठ आणखी कोरडे पडतात. नवी डबी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, कारण मेणाचीही एखाद्याला अ‍ॅलर्जी असते. भेगेतून रक्त येत असेल किंवा खाजरे चट्टे उठले असतील तर मलमावर विसंबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

विक्री वाढली तशा मागण्याही आल्या. लिंबाचा अर्क घाला, सुगंधी तेल घाला, खायचा सोडा घालून स्क्रब काढा. सगळं नैसर्गिकच आहे ना! काही दुकानदारांनी सुगंध नाही म्हणून माल ठेवायचं बंद केलं. आम्ही बदललो नाही. उललेल्या त्वचेवर लिंबू झोंबतं आणि सुगंधी तेलांनी अ‍ॅलर्जी होणारी माणसं कमी नाहीत. निव्वळ तेलापासून केलेला हातचा साबणसुद्धा 9 ते 10 सामूचा (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) असतो, त्वचा 5 च्या आसपास. म्हणून साबणही आम्ही काढला नाही, कितीही मागणी असली तरी.

पुढे ग्लिसरीनचं लोशन काढलं तेव्हा प्रिझर्व्हेटिव्हचा प्रश्न आला. मलमात पाणी नसतं, त्यामुळे त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. लोशनमध्ये पाणी आलं की बुरशी-जंतूंची सोय झाली. ई जीवनसत्त्व घालून काम भागेल असं अनेक जण सुचवतात, पण ते तेल खवट होणं लांबवतं, जंतू रोखत नाही. आम्ही प्रिझर्व्हेटिव्ह घातलं आणि त्याचं नाव वेष्टनावर ठळक छापलं. ‘तुम्हीसुद्धा?’ असं विचारणारे फोन आजही येतात. ताई प्रत्येकाला सविस्तर उत्तर देते.

सध्या मलम नळीत भरायचं काम चाललंय. कडाक्याच्या थंडीत डबीतलं मलम घट्ट होतं आणि मोजा काढून बोट खुपसावं लागतं. उघड्यावर काम करणाऱ्यांची ही खरी अडचण. मेण कमी केलं तर शून्याजवळच्या तापमानातही मलम सहज बाहेर येतं, पण नळी उन्हात राहिली की तेल सुटून वर येतं. दोन्हीकडे टिकणारं प्रमाण सापडेपर्यंत डबीच मिळेल.