शिंपल्यांच्या खिडक्या

गोव्यात, सासष्टीतल्या एका जुन्या घराचं संग्रहालय झालंय, त्याची देखभाल माझ्याकडे आहे. तिथल्या आठ खिडक्यांना काच नाही, शिंपले आहेत. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत चपट्या शिंपल्यांचे चौकोनी तुकडे सरकवलेले. ऊन दुधाळ होऊन आत येतं. "हे प्लॅस्टिक आहे का?" हे रोज ऐकते.

मे महिन्यात एका झडपेची खालची पट्टी दाबली, तर बोट आत गेलं. मी लांबी (भोकं बुजवायची पुटी) आणि ऑइल पेंट आणायला निघालेच होते. मेस्त, म्हणजे आमचा सुतार, आला, लाकडाकडे न बघता खिडकीबाहेर वाकला. "बाय, पयलीं उदकाची वाट सोद." म्हणजे आधी पाण्याची वाट शोध.

वाट सापडली. मागच्या दुरुस्तीत कुणीतरी खिडकीखाली सिमेंट थापलेलं, तेही आतल्या बाजूला उतार ठेवून. पाणी चौकटीला टेकून साचायचं, आणि रंगाच्या जाड थरांमुळे मुरलेली ओल बाहेर पडत नव्हती. सिमेंट फोडून चुन्याचा गिलावा केला, उतार बाहेरच्या बाजूला दिला. जुन्या रंगात शिसं असण्याची भीती, म्हणून तो पाणी मारून, मास्क लावून खरवडला. मेस्ताने कुजलेला भाग तेवढाच कापला आणि जुन्या सागवानी तुळईचा तुकडा तिरकस जोडाने बसवला.

माझी चूक शिंपल्यांत झाली. डाग जावेत म्हणून एकावर व्हिनेगर चोळलं. बुडबुडे आले आणि चकाकी गेली. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळणारच! बाकीचे साध्या पाण्याने, मऊ ब्रशने पुसले.

नवे आणायची सोय नाही. चिखलीच्या खाडीत हे शिंपले अजून जिवंत सापडतात, पण वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि ते बरंच आहे. मग मागच्या खिडकीतले चांगले शिंपले काढून दर्शनी खिडक्यांत घातले. मागे दुधी काच लावली आणि तसं पाटीवर लिहिलं. एका विश्वस्तांना पाटी आवडली नाही. मी काढली नाही.

जूनमध्ये एक झडप फुगून बसेना. मी रंधा मागितला. मेस्त हसला: आता तासलं तर दिवाळीनंतर लाकूड आकसून फट पडेल. सध्या ती सुतळीने बांधलेली आहे.