मिया ते कुवाना: इसेच्या यात्रेकरूंची सात रीची बोट

जपानमधला तोकाइदो म्हणजे एदो, आत्ताचं तोक्यो, तिथून क्योतोपर्यंत जाणारा जवळपास 500 किलोमीटरचा रस्ता, लोक तो पायीच तुडवायचे, आणि 41व्या मुक्कामाला, मियाला पोचलं की हा रस्ता थेट पाण्यात जातो. पुढचा मुक्काम कुवाना आणि मधे इसेचा उपसागर. सात री, म्हणजे साधारण 27 किलोमीटर, शिडाच्या होडीतून. एदोकडून इसेच्या देवळाला, म्हणजे जपानमधल्या सगळ्यात मोठ्या शिंतो तीर्थाला निघालेले कितीतरी यात्रेकरू असेच गेलेत. मला हे दोन्ही धक्के कधीचे बघायचे होते, नागोयाला जाणं झालं तेव्हा मुद्दाम वेळ काढला.

मिया आता नागोया शहरातच आहे, अत्सुता देवळापासून चालत जाता येतं. धक्क्यावर छोटी बाग, जुन्यासारखा परत बांधलेला दीपस्तंभ आणि वेळ सांगणाऱ्या घंटेचा मनोरा. समोर पाणी आहे पण ते होरिकावा नदीचं, समुद्र भराव घालून घालून पार लांब ढकललाय. इथे उभं राहून पहिला प्रश्न हाच पडतो की बाबा, जमिनीवरून का नाही गेले? तर मधे किसो, नागारा आणि इबी अशा तीन मोठ्या नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात, सगळी दलदल, दरवर्षी पूर, पूल नाहीत. त्यापेक्षा समुद्र बरा. वारा आणि भरती नीट असेल तर चारेक तासात पलीकडे, नसेल तर देव जाणे, होड्या उलटायच्यासुद्धा. ज्यांना समुद्राची भीती वाटायची ते सायाच्या रस्त्याने वळसा घालून जायचे आणि शेवटचे तीनच री नदीतून होडीने.

वाऱ्यासाठी थांबावं लागायचं आणि 1651 मध्ये शोगुन, म्हणजे तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता, त्याच्याविरुद्धचा एक कट उघडकीला आल्यावर दुपारी चारनंतर होडी सोडायलाच बंदी आली, म्हणजे उशिरा पोचलात की मुक्काम ठरलेला. 1843 च्या नोंदीत एकट्या मियात 248 खानावळवजा धर्मशाळा आहेत, अख्ख्या तोकाइदोवर सगळ्यात जास्त, आणि दुसरा नंबर कुवानाचा, 120.

पण माझं लक्ष सारखं त्या माणसांकडे जात होतं. गावातला साधा शेतकरी एवढा खर्च कुठून करणार, तर गावात इसेच्या नावाने भिशी चालायची, सगळे थोडे थोडे पैसे टाकायचे आणि चिठ्ठीत ज्यांचं नाव निघेल ते सगळ्यांच्या वतीने जाऊन यायचे. आणि काहीजण तर मालकाला न विचारता पळूनच जायचे, नोकर, पोरं, बायका, परत येताना देवळाचा ताईत हातात असला की शिक्षा व्हायची नाही. 1830 मध्ये तर अशी लाट आली की काही महिन्यात 40 लाखांहून जास्त लोक इसेला गेले, तेव्हा जपानची लोकसंख्या जेमतेम 3 कोटी! त्या गर्दीत खिशात फारसं काही नसलेले, रस्त्यात कोण काय देईल त्यावर चाललेले कितीतरी होते.

मी मात्र नागोयाहून ट्रेनने कुवानाला गेले, अर्ध्या तासाच्या आत. 1895 ला रेल्वे आली त्याच्या आधीच नव्या रस्त्याने ही होडी मागे पडली होती. धक्क्यावर पहिली तोरिई आहे, म्हणजे देवळाबाहेर असते ती लाकडी कमान, होडीतून उतरलं की इथून इसेची हद्द सुरू. इसेत दर 20 वर्षांनी देऊळ नव्याने बांधतात, तिथे आतलं आणि बाहेरचं अशी दोन मुख्य देवळं आहेत, त्यातल्या बाहेरच्या देवळाचे जुने खांब आधी आतल्या देवळाकडे जाणाऱ्या उजी पुलाच्या तोंडाशी कमान म्हणून उभे राहतात आणि आणखी 20 वर्षांनी कुवानाला येतात. आत्ताची कमान 2015 मध्ये उभी केली. मी खांबाजवळ बराच वेळ थांबले, लाकूड राखाडी पडलंय, उभ्या चिरा गेल्यात, आणि तरी किती सरळ!

आणि इथेच मला वाईट वाटलं. 1959 च्या वादळात या किनाऱ्यावर हजारो माणसं गेली, त्यानंतर उंच बांध घातले, ते हवेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण कमान आता बांधाच्या आत अडकलीय, आणि ती बघायची असते पाण्यावरून. जुना जपानी चित्रकार हिरोशिगे, त्याच्या कुवानाच्या चित्रात होड्या शिडं उतरवत किल्ल्याशेजारी येतात, यात्रेकरू तसे समोरून यायचे, आपण रेल्वे स्टेशनकडून म्हणजे तिच्या पाठीमागून येतो. बांधावर चढून, इबी नदीकडे पाठ करून बघितलं तेव्हा कुठे ती नीट कळली मला. तुम्ही गेलात तर आधी बांधावर जा आणि मग खाली या.

नंतर मोठ्या तिसऱ्या खाल्ल्या, कुवानाची जुनी खासियत, पूर्वी पाइनच्या सुक्या बोंडांवर भाजायचे. शिंपला उघडला की आतलं खारट पाणी सांडायच्या आत पिऊन टाकायचं. यात्रेकरू इथून योक्काइचीच्या पुढे हिनागाला क्योतोचा रस्ता सोडून इसेकडे वळायचे, अजून दोन-तीन दिवसांची चाल बाकी असायची. इसेचं पुढचं देऊळ 2033 ला बांधून होईल आणि त्यानंतर कुवानाची कमानही बदलेल, गावातले लोक ते खांब स्वतः ओढत आणतात म्हणे. ते बघायला मी परत जाणार आहे.